गाडीचे फोटो चांगले कसे काढावेत? पुण्यातल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात नवी गाडी आली की तिचा फोटो आधी घरच्या ग्रुपवर जातो, पेढे नंतर. त्या फोटोत बहुतेक वेळा गाडी कमी आणि सोसायटीचं पार्किंग, वॉचमनची खुर्ची आणि वरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे जास्त दिसतात. गाडीची फोटोग्राफी नुकती सुरू केलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही, अडलेला प्रश्न शोधा. प्रतिबिंबांचा प्रश्न मात्र चुकवू नका.

कॅमेरा घ्यायलाच हवा का? फोनवर भागत नाही का?

भागतं. उभ्या गाडीचे, चांगल्या उजेडातले फोटो आजच्या मध्यम किमतीच्या फोनवरही छान येतात. अडचण फोनपेक्षा तो धरून आपण कुठे उभे राहतो त्याची असते. फोनची मुख्य लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिमीची, म्हणजे बरीच रुंद. गाडीच्या जवळ जाऊन फोटो काढला की पुढचा बंपर फुगतो, मागची बाजू आकसते आणि सरळ सेडानही बेढब दिसते. म्हणून दहा-बारा पावलं मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. गाडीचा आकार लगेच जागेवर येतो.

आणखी दोन सवयी लावून घ्या. फोटोआधी लेन्स पुसायची, कारण खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतातच आणि मग हेडलाइटभोवती धुरकट वलय येतं. स्क्रीनवर गाडीवर बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि उजेड थोडा खाली ओढायचा. पोर्ट्रेट मोड मात्र गाडीसाठी नको. काचेतून आरपार दिसणारी मागची झाडं, आरशांच्या कडा, अँटेना या सगळ्यांत त्याचा गोंधळ होतो आणि अर्धा आरसा धूसर होऊन बसतो.

धावत्या गाडीचे आणि रात्रीचे फोटो नेमाने काढायचे असतील तेव्हा कॅमेऱ्याचा विचार करा. तोवर पैसे पेट्रोलला ठेवा.

कॅमेरा आहे. लेन्स कोणती?

कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स असेल तर ती ५५ मिमीवर नेऊन मागे सरका. एवढ्यानेच निम्मं काम होतं. पुढची पायरी ५० मिमी एफ/१.८, म्हणजे झूम नसलेली, पण मोठ्या छिद्राची लेन्स. ती स्वस्त असते, सेकंडहँडही सहज मिळते आणि क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७५-८० मिमीसारखी वागते, जे गाडीला फार शोभतं. ७०-२०० मिमी हे अनेकांचं स्वप्न असतं. विकत घेण्याआधी एखाद्या शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणून बघा. रुंद लेन्स गाडीच्या आतल्या फोटोंसाठी राखून ठेवा.

गाडी धुतली, पॉलिश केली, तरी फोटोत डागाळल्यासारखी का दिसते?

डाग गाडीवर नसतात, तिच्यात पडलेल्या प्रतिबिंबांचे असतात. रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि तो समोर असेल ते सगळं परत दाखवतो. विजेचा खांब, शेजारची स्कूटर, पिवळी-काळी कर्बस्टोनची रांग, आणि वाकून फोटो काढणारे तुम्हीसुद्धा. प्रत्यक्ष पाहताना हे जाणवत नाही, कारण आपला मेंदू गाडीकडे बघतो. कॅमेरा दारात पडलेला खांबही तितक्याच इमानाने टिपतो.

त्यामुळे कॅमेरा बाहेर काढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि त्या फेरीत गाडी बघू नका, फक्त दारांत काय दिसतंय ते बघा. ज्या उंचीवरून फोटो काढणार त्याच उंचीवर डोळे आणून बघा, कारण उभ्याने दिसणारं प्रतिबिंब आणि बसून दिसणारं वेगळं असतं. चांगल्या जागी दारावर एक स्वच्छ आडवी रेघ दिसते: वर आकाशाचा उजळ पट्टा, खाली जमिनीचा गडद पट्टा. ही रेघ पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत सलग वाहत गेली की गाडीचा सगळा घाट उठून येतो. डिझायनरने जी वळणं काढलेली असतात ती खरी दिसतात ती याच रेघेमुळे. मध्ये इमारत, झाड किंवा दुसरी गाडी आली की रेघ तुटते आणि दार चेपल्यासारखं वाटतं.

म्हणजे गाडीच्या मागे काय आहे याइतकंच तुमच्या पाठीमागे काय आहे हेही महत्त्वाचं. नवशिके मागची भिंत छान आहे म्हणून जागा निवडतात आणि आपल्या पाठीशी टपरी, होर्डिंग आणि चार बाइक आहेत हे विसरतात. तुमच्या पाठीमागे मोकळं मैदान, उतार, पाणी किंवा नुसतं आकाश हवं. सोसायटीचं तळघरातलं पार्किंग नेमकं इथेच मार खातं. वर ट्यूबलाइटच्या रांगा, बाजूला खांब, जमिनीवर पांढरे पट्टे, आणि हे सगळं बॉनेटवर.

जागा बदलता येत नसेल तर गाडी बदला, म्हणजे तिचा कोन. दोन फूट पुढे घ्या, थोडी तिरकी करा. प्रतिबिंब कुठल्या कुठे जातं. गडद आणि साधे कपडे घाला, पोपटी टी-शर्ट त्या दिवशी घरी राहू द्या. पांढरी आणि चंदेरी गाडी बरंच पोटात घालते. काळी, गडद निळी किंवा मरून गाडी काहीही लपवत नाही.

दिवसाची कोणती वेळ चांगली?

सूर्योदयाच्या आसपास किंवा सूर्यास्तानंतर. नंतर, हे लक्षात ठेवा. सूर्य टेकडीमागे गेल्यावर पश्चिमेचं सगळं आकाश एक मोठा मऊ दिवा होतं आणि गाडीवर कडक चमक न पडता लांब, सलग उजेड पडतो. पुण्याच्या अक्षांशावर हा संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. तेवढ्यात जागा शोधायला लागलात तर अंधार होईल, म्हणून गाडी आधीच लावून, कोन ठरवून, ट्रायपॉड उभा करून बसा.

डिसेंबरच्या अखेरीला पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. जूनअखेरीला सकाळी सहाच्या आसपास आणि संध्याकाळी सव्वासातच्या जवळपास. ऑफिस सुटल्यावर फोटो काढायचे असतील तर उन्हाळा सोयीचा. ज्यांना पहाटे उठणं जिवावर येतं त्यांना हिवाळा.

भर दुपारी काढायचेच असतील तर मोठ्या इमारतीच्या अखंड सावलीत गाडी लावा. झाडाची सावली नको. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे गाडीवर पांढरे ठिपके पाडतात आणि ते नंतर ॲपने सहज जात नाहीत.

कोणत्या कोनातून, किती उंचीवरून?

सुरुवात पाऊण कोनाने करा: पुढचा भाग आणि एक पूर्ण बाजू, दोन्ही दिसतील असं उभं राहा. उंची हेडलाइटच्या पातळीची. म्हणजे उकिडवं बसावं लागणार, गुडघे कुरकुरले तरी. उभ्याने काढलेल्या फोटोत छप्पर जास्त दिसतं आणि गाडी खेळण्यासारखी बुटकी वाटते. एसयूव्हीसाठी आणखी थोडं खाली गेलं तर तिचा दांडगेपणा दिसतो. छोट्या हॅचबॅकला तेच केलं तर ती उगाच मोठेपणा करते आहे असं वाटतं, तिला हेडलाइटची पातळीच बरी.

मग पार्श्वभूमी बघा. छपरातून उगवलेला खांब, आरशाला चिकटलेली कचरापेटी, छपराच्या कडेला नेमकी टेकलेली क्षितिजाची रेघ. एक पाऊल डावीकडे सरकलं की यातलं बहुतेक जातं. गाडीचं तोंड ज्या दिशेला आहे त्या बाजूला फ्रेममध्ये जागा जास्त ठेवा.

चाकं सरळ ठेवायची की वळवायची?

पुढून पाऊण कोनातून काढताना स्टिअरिंग असं वळवा की पुढच्या चाकाचा अलॉय कॅमेऱ्याला दिसेल, टायरची नक्षी नाही. थोडंच वळवा, पूर्ण लॉकपर्यंत नको. बाजूने काढताना चाकं सरळ. आणि गाडी थोडी पुढे-मागे करून चाकाच्या मधला लोगो उभा सरळ येतो का बघा.

फोटोआधी गाडी कितपत स्वच्छ हवी?

बाहेरून धुतलेली आणि कोरडी पुसलेली. ‘कोरडी’ला जास्त महत्त्व, कारण पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येतं आणि ते वाळलं की काचेवर पांढरे ठिपके उरतात. डिकीत दोन मायक्रोफायबर फडकी ठेवा, एक ओलं, एक कोरडं. जागेवर पोहोचेपर्यंत बंपरवर धूळ आणि किडे बसलेलेच असतात. टायर काळे दिसावेत म्हणून ओल्या फडक्याने पुसले तरी पुरतं. तेलकट टायर शाइन थापली की ती फोटोत ओशट चमकते. नुसतीच धूळ बसली असेल तर कोरड्या फडक्याने घासू नका, बारीक ओरखडे पडतात आणि तिरक्या उन्हात जाळ्यासारखे दिसतात.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का?

कॅमेऱ्यासाठी एकच फिल्टर घेणार असाल तर सीपीएलच, म्हणजे फिरवता येणारा पोलरायझरच घ्या. काचेवरची चमक मारली की आतली सीट आणि डॅशबोर्ड दिसू लागतो, रंगावरची पांढुरकी साय उतरते. फिल्टर हळूहळू फिरवत व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं आणि हवं तिथे थांबायचं. एकाच फिरवणीत विंडस्क्रीन आणि दार दोन्ही साफ होत नाहीत, कारण दोन्हींचा कोन वेगळा. ट्रायपॉडवर असाल तर दोन फोटो काढून नंतर जोडता येतात.

याचे नखरेही आहेत. उघड्या धातूवर, म्हणजे क्रोमवर, तो चालत नाही. उजेड दीड ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बाजूच्या आणि मागच्या टेम्पर्ड काचेवर कधी कधी ठिपक्यांची किंवा चौकड्यांची नक्षी उमटते. काच खराब नाही, तिच्यातला ताण पोलरायझरमुळे दिसू लागतो. अशा वेळी फिल्टर थोडा मागे फिरवा. आणि सगळं प्रतिबिंब पुसून टाकू नका. ती आडवी रेघही गेली तर गाडी मॅट कागदातून कापून काढल्यासारखी दिसते.

पुण्यात जागा कुठल्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा सिंहगड असं उत्तर अपेक्षित असतं. सिंहगडाचा घाट अरुंद आहे, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते आणि थांबायला जागा नाही. गड पाहायला जा, पिठलं-भाकरी खा, गाडीच्या फोटोंसाठी दुसरीकडे चला.

शहरात असाल तर रविवारी उजाडताना निघा. कोरेगाव पार्कच्या वडाच्या कमानीखालच्या गल्ल्या सूर्य वर येण्याआधी उत्तम, ऊन पडलं की कवडशांनी वाया. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या आसपास जुन्या इमारतींचे दर्शनी भाग जुन्या गाड्यांना शोभतात. दुकानं उघडायच्या आत आवरा. पेठांतल्या वाड्यांचे दरवाजे देखणे आहेत, पण तिथे गाडी आत गेली तर बाहेर काढताना फोटोग्राफी सुटेल.

बहुमजली पार्किंगचा सगळ्यात वरचा, उघडा मजला ही शहरातली दुर्लक्षित जागा. वर आकाश मोकळं, आजूबाजूला उंच काही नाही, फक्त कठडा. प्रतिबिंबं इतकी स्वच्छ क्वचित मिळतात. तिथल्या सुरक्षारक्षकाला आधी विचारा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

मला स्वतःला औद्योगिक वसाहती आवडतात. भोसरी, चाकणकडे रुंद रस्ते, लांब एकरंगी कंपाउंडच्या भिंती, पत्र्याच्या शेड. तिथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी ट्रकची वर्दळ कमी. टाटांचा पिंपरीचा कारखाना, चाकण परिसरातले महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने याच पट्ट्यात. तुमची गाडी कदाचित माहेरीच आली असेल. कंपनीच्या गेटसमोर मात्र उभे राहू नका.

बाहेर जायचं तर खडकवासल्याची चौपाटी सोडून पुढे पानशेतच्या रस्त्याने पाण्याकडेला जागा मिळतात. पवना धरणाच्या बॅकवॉटरची जमीन उन्हाळ्यात उघडी पडते आणि पश्चिमेला डोंगराची रेघ मिळते. काठची माती वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते, तिथे गाडी घालण्याआधी चालून बघा. बोपदेव आणि दिवे घाट चढून वर सासवडच्या बाजूला गेलात की माळरान लागतं, मोठं आकाश आणि दूरवर काही नाही. दिवे घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो म्हणून लोक वळणावरच गाडी लावतात. ते करू नका. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने जाते, तेव्हा वाहतूक वळवलेली असते. घाटमाथ्यावर अंधार पडल्यावर एकट्याने रेंगाळू नका, दोघं-तिघं असा.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर फोटोसाठी थांबायचंच नाही. तिथे विनाकारण थांबायला मनाई आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमची फ्रेम दिसत नाही.

परवानगी कुठे लागते?

सार्वजनिक रस्त्याच्या कडेला, वाहतूक न अडवता, हातातल्या कॅमेऱ्याने गाडीचा फोटो काढण्यात सहसा अडचण येत नाही. ट्रायपॉड, लाइट आणि चार माणसं आली की चौकशी सुरू होते. विद्यापीठाचं आवार, मॉलचं पार्किंग, बालेवाडी हाय स्ट्रीट किंवा मगरपट्ट्यासारखा खासगी परिसर इथे आधी विचारा. शनिवारवाडा हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आत ट्रायपॉडला परवानगी लागते. टेकड्या बहुतांशी वनखात्याच्या. पायवाटेवर गाडी घालू नका.

पुणे लष्करी शहर आहे हे विसरू नका. खडकी, कॅम्प, दिघी, पाषाणमधल्या संरक्षण संशोधन संस्था, खडकवासल्याची एनडीए. जिथे ‘फोटो काढण्यास मनाई’ची पाटी दिसेल तिथे कॅमेरा बॅगेत.

ड्रोनचं विचारत असाल तर उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघाच. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण रेड झोनची, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाण नसलेल्या भागाची, बंदी त्यालाही लागू असते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे शहरात मोकळं आकाश दिसलं म्हणून ते उडवायला मोकळं असेलच असं नाही.

पांढरी गाडी मळकट आणि काळी गाडी राखाडी का येते?

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फ्रेमभर पांढरी गाडी असली की तो उजेड कमी करतो, काळी असली की वाढवतो. पांढऱ्याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +०.७च्या आसपास द्या, काळ्याला −०.७, मग हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून कमी-जास्त करा. कडक उन्हात पांढऱ्या बॉनेटचा तपशील उडतो, तिथे प्लस देऊ नका. लाल गाडीत लाल चॅनेल बाकीच्यांच्या आधी भरून वाहतो आणि दार सपाट लाल कागद होतं. एक्सपोजर थोडं कमी ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

गाडी धावतेय पण फोटोत उभी दिसते. पॅनिंग कसं करायचं?

शटर फार जलद ठेवलात. १/१००० सेकंदाला चाकाचे आरेही थिजतात, मग गाडी पार्क केल्यासारखी दिसणारच. चाक फिरलेलं आणि मागचं जग धावलेलं दिसायला हवं.

शटर प्रायॉरिटी मोड घ्या (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो), १/१२५ पासून सुरुवात करा, जमू लागलं की १/६०, मग १/३०. ऑटोफोकस सतत पाठलाग करणारा, बर्स्ट (एकापाठोपाठ एक फोटो) चालू. पाय त्या दिशेला रोवा जिथे तुम्ही बटण दाबणार आहात, कंबरेतून वळून गाडी लांबूनच फ्रेममध्ये घ्या, तिच्या वेगाने फिरत या, बटण दाबा आणि दाबल्यानंतरही फिरत राहा. बहुतेकांचं इथेच फसतं. क्लिक झालं की हात थांबतात. लेन्सला पॅनिंगचा स्टॅबिलायझेशन मोड असेल तर तो लावा. गाडी तुमच्या समोरून आडवी जायला हवी. तिरकी आली तर नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर, किंवा उलट.

उन्हात १/६० ला आयएसओ १०० (कमी संवेदनशीलता) आणि एफ/१६ (लहान छिद्र) ठेवूनही फोटो गरजेपेक्षा उजळ येतो. नुसता उजेड कमी करणारा एनडी फिल्टर नसेल तर सीपीएल लावा, त्याचा उजेड खाण्याचा दुर्गुण इथे कामी येतो.

सरावाला स्वतःची गाडी कशाला दमवता? जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर सकाळी लवकर उभे राहा. रस्ता एकेरी, सगळी वाहनं एकाच दिशेने. पीएमपीची बस, रिक्षा, दूधवाला, सगळे फुकटचे मॉडेल. शंभरातले पाच बरे आले तर सकाळ चांगली गेली म्हणायचं. फुटपाथवरून खाली उतरायचं नाही.

चालत्या गाडीतून शेजारच्या गाडीचा फोटो?

ते रोलिंग शॉट म्हणून गाजलेले फोटो बघून हा प्रश्न येतो. दार किंवा डिकी उघडी टाकून, खिडकीबाहेर लोंबकळत ते काढायचे नसतात. धोकादायक वाहन चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि दोन गाड्या समांतर चालवत रस्ता अडवणं त्यात मोडू शकतं. खासगी आवारातला मोकळा रस्ता मिळाला, दोन्ही चालक जाणते असले, तुम्ही मागच्या सीटवर पट्टा लावून बंद खिडकीआड किंवा अर्ध्या उघड्या काचेतून काढणार असलात तर ३०-४०च्या वेगात १/६० ला उत्तम परिणाम येतो. वेग फोटोत शटर आणतं, ॲक्सिलरेटर नाही. सुरुवातीची दोन वर्षं पॅनिंगवर काढा, असं मी सरळ सांगतो.

पावसाळ्यात फोटो काढावेत का? ताम्हिणीला जावं का?

काढावेत, आणि शक्यतो शहरातच. ढगाळ आकाशामुळे दिवसभर मऊ उजेड मिळतो, ओल्या डांबरावर दिवे उतरतात, हिरवा गच्च होतो. पाऊस थांबल्यावरची पंधरा-वीस मिनिटं, दुकानांचे दिवे लागलेले आणि रस्ता अजून ओला, अशी वेळ साधा. पाण्याचे थेंब बॉनेटवर उभे राहिले असतील तर पुसू नका, जवळ जाऊन काढा.

ताम्हिणी सुंदर आहेच. पण जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत तिथे गाड्यांचीच गर्दी असते आणि अतिवृष्टीत प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतं. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, बातम्या बघून. धुक्यात मीटर पुन्हा फसतो, +०.७ ते +१ द्या. गाडीचे दिवे लावा, पिवळसर फॉग लॅम्प असतील तर फारच छान. धबधब्याखाली गाडी नेऊ नका, दरडी कोसळतात. एसीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच थोडा वेळ बाहेरच्या हवेला येऊ द्या.

रात्री हेडलाइटवर पट्टे का येतात?

एलईडी दिवे डोळ्याला सलग वाटले तरी फार वेगाने लुकलुकत असतात. जलद शटरला ते अर्धवट पेटलेले किंवा पट्ट्यापट्ट्यांचे येतात. शटर १/५० किंवा त्याहून हळू करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने रस्त्यावरच्या दिव्यांनाही हाच वेग मानवतो.

रात्री ट्रायपॉड हवाच. आयएसओ १००, एफ/८, १५ ते ३० सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. या वेळात एक एलईडी ट्यूब किंवा साधी बॅटरी घेऊन गाडीच्या बाजूने एका लयीत चालत गेलात की दारांवर उजेडाची सलग रेघ उमटते. तुम्ही काळ्या कपड्यांत आणि हलत असाल तर फोटोत दिसत नाही. बॅटरीचं तोंड कॅमेऱ्याकडे वळू देऊ नका. एकाच फोटोत सगळं साधायचा अट्टहास नको. ट्रायपॉड न हलवता छप्पर, बाजू, चाकं असे वेगवेगळे उजळलेले फोटो काढून नंतर थरांत जोडतात. गाडीचे पार्किंग लाइट पुरे, हेडलाइट पूर्ण वेळ चालू ठेवले तर पुढचा भाग पांढरा होतो.

आतले फोटो कसे काढायचे?

ढगाळ दिवस किंवा सावली निवडा. स्टिअरिंग सरळ, सीट एका रेषेत, चार्जरच्या वायरी, पाण्याची बाटली आणि टोलच्या पावत्या बाहेर. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक कृपा करून काढा. डॅशबोर्डवरचा गणपती राहू द्या, गाडी कोणाची ते त्यानेच कळतं. मागच्या सीटच्या मधोमध बसून, छातीच्या उंचीवरून डॅशबोर्डचा फोटो घ्या. मीटरचे दिवे हवे असतील तर इंजिन सुरू करा आणि वॉर्निंग लाइट विझल्यावर फोटो घ्या.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी शोरूममधून घेतानाचे फोटो?

त्या दिवशी रांगेत दहा कुटुंबं असतात आणि तुम्हाला दहा मिनिटं मिळतात. वरच्या दिव्यांची प्रतिबिंबं टाळता येणार नाहीत, म्हणून गाडीचा नाद सोडा आणि माणसं काढा. आई नारळ वाढवताना, बाबांच्या हातात किल्ली, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखालचं लिंबू. गाडीचा नीट फोटो दुसऱ्या दिवशी पहाटे काढता येतो, हार सुकायच्या आत.

नंबरप्लेट झाकावी का?

फोटोत झाका, रस्त्यावर नाही. प्लेटवर कागद चिकटवून किंवा ती काढून गाडी चालवणं नियमाविरुद्ध आहे. फोटो एडिट करताना पुसट करा किंवा त्यावर साधा गडद चौकोन ठेवा. मित्राची गाडी असेल तर टाकण्याआधी त्याला विचारा.

एडिटिंग कितपत?

क्षितिज सरळ करा, कडेला आलेला कचरा आणि वायरी काढा, सावल्या थोड्या उघडा, हायलाइट खाली आणा. फोनवर स्नॅपसीड मोफत आहे, लाइटरूमचं मोबाइल ॲपही सुरुवातीला पैसे न देता पुरतं. सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे नेण्याचा मोह आवरा. कंपनीने त्या लाल रंगाला ठरावीक छटा दिलेली असते, मालक ती रोज बघतो आणि त्याला फरक लगेच कळतो. एचडीआरचा करकरीत परिणाम, ज्यात ढग जांभळे आणि टायर राखाडी होतात, तो मला तरी बघवत नाही.

मला कलाबिला नको, जुनी गाडी विकायची आहे. जाहिरातीसाठी कसे फोटो हवेत?

मग वरचं अर्धं विसरा. सकाळच्या सपाट उजेडात, मोकळ्या जागी, गाडी धुऊन. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चारही पाऊण कोन, उघडी डिकी, स्टेपनी, इंजिन, चारही टायरची नक्षी, सीट, ओडोमीटरचा वाचता येईल असा फोटो. कोणताही फिल्टर नको. ओरखडा किंवा चेपलेला पत्रा असेल तर त्याचाही जवळून फोटो टाका. बघायला येणारा तो पहिल्या मिनिटात शोधणारच आहे, आणि आधी दाखवलेल्या ओरखड्यावर तो घासाघीस कमी करतो. आरसी आणि इन्शुरन्सच्या कागदांचे फोटो जाहिरातीत टाकू नका, गाडी बघायला येईल त्याला समोर बसवून दाखवा.